आईची कात्री, पूर्ववत

कारखान्यात त्याला सगळे ‘पूर्ववत’ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. झिजलेला दांडा घेऊन कुणी दारात उभं राहिलं, की हा तो दांडा हातात घेऊन फिरवायचा, झिजलेल्या जागी नख लावून बघायचा आणि मग सरकारी पत्रातल्यासारखं सांगायचा, “पूर्ववत करून मिळेल.” ‘दुरुस्त’ हा शब्द त्याला खपत नसे. दुरुस्त काय, तार गुंडाळूनही करता येतं, असं त्याचं म्हणणं.

काम सांगायला सोपं होतं. पंपाचे दांडे, गिरणीचे रूळ, मोठ्या झडपा वर्षानुवर्षं फिरून आणि घासून झिजतात. जिथे झिजलं तिथे लेझरचा किरण टेकवायचा. धातू ठिपक्याएवढाच वितळतो. त्याच क्षणी नळीतून धातूची पावडर त्या ठिपक्यात सोडायची आणि पुढे सरकायचं. मागे एक बारीक वळ उरतो. वळाला वळ जोडत गेलं की थर होतो, आणि थर घासून मापात आणला की दांडा पहिल्या दिवशी होता तसा. खरं तर त्याहून बरा, कारण हा थर मूळ धातूपेक्षा कितीतरी टणक असतो. हे सगळं बंद खोलीत चालतं. तिथला उजेड उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो, म्हणून पूर्ववत बाहेर बसून पडद्यावर बघायचा.

या सगळ्याच्या आधी मोजणी. झिजलेली वस्तू आहे तशी स्कॅनरला दाखवायची. मशीन तिचा आकार टिपून घेतं आणि तो मूळ आकारावर ठेवून बघतं. जिथे कमी भरतं तिथे पडद्यावर लाल दिसतं. लाल म्हणजे तूट. तूट भरायची, लाल घालवायचं, आणि पडदा सगळा हिरवा झाला की पूर्ववत घरी जायला मोकळा.

अशा माणसाला घरात ठेवणं सोपं नसतं. फाटकाची कडी, जिन्याचा कठडा, खुर्चीचा पाय, जे जे म्हणून मूळ मापापासून ढळलं ते त्याच्या डोळ्यांत खुपायचं. बायकोच्या चपलेची टाच एका बाजूनेच झिजते हे पाहून त्याने तिला तिच्या चालण्यात दोष असल्याचं सांगून बघितलं होतं. एकदाच.

घर दुमजली होतं. वर हे नवराबायको राहायचे आणि खाली आई. खालची पुढची खोली म्हणजे आईचं शिवणाचं दुकान. रस्त्याकडे मोठी काचेची खिडकी, खिडकीपाशी कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात शिलाई मशीन. शिवण्याचं काम बायकोने लग्नानंतर हळूहळू आपल्याकडे घेतलं होतं. कापण्याचं मात्र आईकडेच होतं, आणि ते मागण्याची कुणाची छाती नव्हती. कोट, पँटी, शाळेचे गणवेश, सगळं आई कापायची. खडूची रेघ ती मारायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. कात्री त्या रेघेकडे फारसं लक्ष न देता पुढे जायची आणि शेवटी बरोबर तिथेच पोचायची.

कात्री काळी, जड, हातभर लांब. आई कामाला लागली तेव्हा पहिल्या मालकाने तिला दिलेली. तिला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती, आणि त्या कात्रीने कागद कापणं हा तर गुन्हाच, कारण कागदाने कापडाच्या कात्रीची धार जाते. आठ वर्षांचा असताना पूर्ववतने त्याच कात्रीने पुठ्ठा कापला होता. आईने तेव्हा एकच चपराक दिली, पण ती मनापासून दिली.

आईचं वय सत्तरीला टेकलं तेव्हा बोलता बोलता ती म्हणाली, “कात्रीपण माझ्यासारखीच झिजली आता.” बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. पूर्ववतच्या कानांत मात्र ‘झिजली’ हा एकच शब्द शिरला. आईच्या वाढदिवसाला काय द्यावं या विचाराने तो हैराण झालेलाच होता. दरवर्षी तो काहीतरी आणायचा आणि आई ते कपाटात जपून ठेवायची, म्हणजे पुन्हा कधी काढायची नाही.

“धार लावून आणतो,” म्हणून तो कात्री घेऊन गेला. धार तोच लावून आणत असल्यामुळे आईला शंका आली नाही.

कात्रीचा मूळ आकार कुठे मिळणार? बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. पण ज्याचं नाव पूर्ववत तो अशाने थांबत नाही. त्याने शहरातली जुनी दुकानं पालथी घातली, एकाच्या माळ्यावर तसलीच कोरी कात्री सापडली, ती त्याने मापासाठी मागून आणली. दोन्ही मशीनला दाखवल्या. पडद्यावर आईची कात्री उमटली आणि अंगठा घालायच्या कडीत आतल्या बाजूने लालभडक झाली. मधल्या खिळ्याची जागाही सैल झाली होती, दोन्ही पाती एकमेकांवर डुगडुगत होती.

कारखान्याचा मालक मागे येऊन उभा राहिला. मालक कामाचा माणूस होता, पण त्याला दुसऱ्याच्या पडद्यात डोकावायची सवय होती. “ही कडी भलत्याच बाजूला झिजलीय,” तो म्हणाला.

“चुकीची धरली असणार.”

“कुणी?”

“आईने,” पूर्ववत म्हणाला. एखाद्या निष्काळजी गिरणीवाल्याबद्दल बोलावं तसा त्याचा सूर होता.

त्याने कात्री खोलून पाती वेगळी केली, धारेला आच लागू नये म्हणून ती तांब्याच्या ठोकळ्यात धरली, आणि कपाटातली सगळ्यात टणक पावडर काढली, जी एरवी झडपांसाठी राखून ठेवलेली असे. कडीच्या आत नळीचं तोंड सरळ जाईना, तर तिरकं धरून, थोडं थोडं करत थर चढवला. मग घासलं, पुन्हा मोजलं. सगळं हिरवं. कडीची आतली धारदार कडसुद्धा कोऱ्या कात्रीवर होती तशी उमटली होती. खिळा घट्ट. इतकं सुंदर काम आपल्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

वाढदिवसाच्या सकाळी त्याने कात्री आईच्या हातात ठेवली. आईने अंगठा आत घातला. मग म्हणाली, “अगदी नवी झाली रे.”

“पूर्ववत,” तो म्हणाला.

आईने टेबलावरचा एक तुकडा कापून बघितला. “छान,” ती म्हणाली.

“आई, तू इतकी वर्षं चुकीची धरत होतीस. भलतीकडेच झिजली होती.”

“असेल.”

“पण आता काळजी नाही. ही झिजायचीच नाही आता. नातवंडं म्हातारी होतील, पण ही झिजणार नाही.”

“मुळीच नाही झिजायची?”

“मुळीच नाही.”

“बरं,” आई म्हणाली.

या वेळी भेटवस्तू कपाटात गेली नाही, टेबलावर राहिली. पूर्ववत त्या दिवशी कारखान्यात शीळ घालत काम करत होता. लोकांना त्याचं नवल वाटलं, कारण त्याला शीळ घालता येत नव्हती.

त्यानंतर आईचं कापणं बिघडत गेलं. आधी एका पँटीचा पाय आखूड निघाला. मग एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कोटाची पाठ तिरकी कापली गेली, आणि नवं कापड आणून आईने ते काम दुसऱ्या शिंप्याकडे पाठवलं. हे ऐकून पूर्ववत जेवता जेवता थांबला. आईने दुसऱ्या शिंप्याचं नाव घरात घेतल्याचंसुद्धा त्याला आठवत नव्हतं. पुढे ती आलेली कामंच परत पाठवायला लागली. गणवेशांचा मोसम आला आणि तिने शाळेला नाही म्हणून कळवलं.

“डोळे का?” त्याने विचारलं.

“डोळे बरे आहेत. हात गेला.”

“म्हणजे?”

“गेला म्हणजे गेला. कधी ना कधी जायचाच होता. पुढची खोली भाड्याने देऊन टाकू. केशकर्तनालयवाला विचारत होता.”

बायको ताटाकडे बघत जेवत राहिली.

पूर्ववत हादरला. आई दुकानात नसेल तर ती कुठे असेल हे त्याला डोळ्यांसमोर आणताच येईना. मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेली आई त्याने आजारपण सोडून कधी बघितली नव्हती. शेजारच्या घरातली म्हातारी काम सोडून खुर्चीत बसली ती पुढे माणसंही ओळखेनाशी झाली, हे सगळ्या गल्लीने बघितलं होतं. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली की तो मोजमापाकडे वळायचा. त्याने आईला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने आईचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, बोटं वाकवली, सुई टोचून बघितली. मग म्हणाला, “आजी, माझी बोटं घट्ट दाबा बरं डाव्या हाताने.” आईने दाबली. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाला, “आजी, सोडा आता.” आणखी थोड्या वेळाने तो पूर्ववतकडे वळून म्हणाला, “यांना सांगता का?”

बोटं चोळत त्याने निदान सांगितलं. या हाताला काहीही झालेलं नाही, असा हात त्याला स्वतःला या वयात मिळाला तर तो आनंदाने घेईल. “फक्त अंगठ्याच्या मुळाशी हा वळ कसला?”

“कुठे काय,” म्हणत आईने हात पदराआड घ्यावा तसा टेबलाखाली घेतला.

वळ पूर्ववतनेही बघितला होता. लाल, बारीक, सरळ वळ. त्याने आयुष्यभर वळच बघितले होते. पण त्याला त्यातून काही सुचलं नाही, आणि तो पुढे कितीतरी दिवस स्वतःवर चिडला तो याच गोष्टीसाठी.

केशकर्तनालयवाला येऊन खोलीची लांबी-रुंदी घेऊन गेला. आरसे कुठे लावायचे हेही त्याने आईला विचारलं, आणि आईने सांगितलंही.

मग एक दिवस कारखान्यात वीज गेली आणि ती दिवसभर येणार नाही असं कळलं. मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. पूर्ववत भर दुपारी रस्त्याने घरी आला आणि खिडकीपाशी थांबला.

आत बायको मशीनपाशी बसली होती आणि आई टेबलाशी उभी होती. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर खडूची लांब रेघ. आई काळ्या कात्रीने वर्तमानपत्र कापत होती.

त्याला आधी चपराक आठवली. कागद? त्या कात्रीने? आईने? तो तोंड उघडून आत शिरणार तेवढ्यात त्याला हात दिसला. कात्री आईच्या उजव्या हातात होती. जीभ दातांत धरून, खांदा उचलून, पहिलीतल्या पोरासारखी ती एक एक चावा घेत पुढे सरकत होती, आणि कापलेली कड रेघेच्या अलीकडे पलीकडे भरकटत होती. खाली जमिनीवर कापलेल्या कागदांचा ढीग पडला होता. हे आजच सुरू झालेलं नव्हतं.

आई डावखुरी होती. हे काही गुपित नव्हतं. ती डाव्या हाताने लिहायची, डाव्या हाताने कापायची. ती चपराकही डाव्याच हाताची होती, उजव्या गालावर बसलेली. पूर्ववतला हे जन्मापासून माहीत होतं, आणि पडद्यावरची लाल जागा बघताना ते त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

तो आत गेला. “आई, कागद?”

आई दचकली. “कापड कशाला वाया घालवायचं. आज लवकर आलास?”

“उजव्या हाताने का कापतेस?”

“तूच म्हणालास ना, चुकीची धरत होते म्हणून. म्हटलं, बरोबर धरायला शिकून बघावं.” आई जरा हसली. “शाळेत बाईंनी डावा हात फडक्याने बांधून ठेवला होता वर्षभर, तेव्हा जमलं नाही. आता काय जमतंय. पण तू एवढी मेहनत घेतलेली.”

“डाव्या हाताने का नाही कापत मग?”

“चावते रे ती आता.” आईने शेवटी डावा अंगठा पुढे केला. “आणि अंगठा टेकवायला जागाच नाही. पूर्वी जरा आत ओढला की पातं पात्याला लागायचं. आता कापड नुसतं मध्ये दुमडतं.”

पूर्ववतने कात्री घेतली आणि डाव्या हातात धरली. कात्री उजव्या हातासाठी घडवलेली होती. उजवा अंगठा आपोआप बाहेर रेटतो आणि पाती जुळतात. डावा अंगठा रेटला की तीच पाती एकमेकांपासून लांब जातात. आईने रोज, दिवसभर, अंगठा उलटा ओढून ती जुळवली होती, आणि ओढता ओढता धारदार कड गुळगुळीत होऊन तिथे अंगठ्यापुरता खळगा पडला होता. खिळा सैल होता म्हणून पातं तिला हवं तेवढं कलत होतं. तो खळगा त्याने कारखान्यातल्या सगळ्यात टणक पावडरने भरून टाकला होता.

“तू सांगितलं का नाहीस?” त्याचा आवाज चढला, आणि तो कुणावर चढला होता हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

मशीनपाशी बसलेली बायको बोलली. “मी सांगणार होते. आईंनी शपथ घातली. म्हणाल्या, आजवर त्याने बाजारातून उचलूनच आणलं. हे स्वतःच्या हाताने केलंय, त्याला काही म्हणायचं नाही.”

पूर्ववत खाली बसून कागदाचे तुकडे गोळा करायला लागला. त्याला रडू येत होतं, आणि रडू येत असताना हाताला काम असलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी तो मालकापुढे उभा राहिला. “दुपारच्या सुट्टीत मशीन लागेल. काही दिवस.”

“काय पूर्ववत करायचंय?”

“झीज.”

मालकाला ते दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, “मी या धंद्यात म्हातारा झालो. लोक झीज घालवायला येतात.”

“आईची आहे. परत हवीय.”

मालकाने यावर थट्टा करायची असं ठरवलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती त्याने केली नाही. “जुना स्कॅन पुसला नाहीस ना?” एवढंच त्याने विचारलं.

पुसला नव्हता. मशीनमध्ये आईची कात्री झिजली होती तशीच होती. पूर्ववतने आता ती मूळ म्हणून ठेवली आणि स्वतःची सुंदर, कोरी कात्री तिच्यावर ठेवली. जिथे जास्त भरतं तिथे निळं दिसतं. कडीत आतल्या बाजूने सगळं निळं झालं, आणि त्या निळ्याचा आकार अंगठ्याचा होता. इतका स्पष्ट अंगठा लाल असताना आपल्याला कसा दिसला नाही, असं त्याला वाटलं.

तो थर किती टणक आहे हे त्याने आजवर शेकडो गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगितलं होतं. आता ते स्वतः तपासून बघायची वेळ आली. घासायचे दगड संपत गेले, थर संपेना. मग मालकाने हिऱ्याच्या कणांचं बोटाएवढं चाक काढून दिलं, आणि पूर्ववत डबा न उघडता सुट्टीभर कडीत ते फिरवत बसायला लागला. थोडं घासायचं, मोजायचं, पुन्हा थोडं घासायचं. त्या दिवसांत त्याचं कामातलं लक्षही जरा विचित्र झालं. झिजलेला दांडा घेऊन कुणी आलं की तो आधी विचारायचा, “हा वापरतं कोण?” लोक सांगायचे, “पंप.”

सगळं हिरवं झालं. खिळाही त्याने होता तितकाच सैल केला, आणि हे काम त्याला सगळ्यात जड गेलं. खिळा सैल करून देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पण हिरव्यावर आता त्याचा विश्वास उरला नव्हता. कात्री रुमालात गुंडाळून त्याने घरी आणली आणि आईपुढे ठेवली. या वेळी तो ‘पूर्ववत’ म्हणाला नाही.

आईने कात्री डाव्या हातात घेतली. अंगठा आत गेला, जरासा फिरला आणि थांबला. तिने खालच्या फळीवरून गडद निळ्या कोटाचं कापड ओढलं, खडूची रेघ मारली आणि रेघेकडे न बघता कात्री घातली. कापड एका दमात, मधे न अडखळता, टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत कापलं गेलं. बायकोने मशीनवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

“केशकर्तनालयवाल्याला निरोप द्यायला हवा,” आई म्हणाली. “बिचाऱ्याने आरसेसुद्धा बघून ठेवलेत.”

पूर्ववतने सुस्कारा सोडला. मग त्याला राहवलं नाही. “आई, वरचा थर पूर्ण निघालेला नाही. मूळ धातूत मुरलेला पातळसा राहिलाय. म्हणजे ही आता याहून झिजणार नाही. अशीच राहील.”

“माझ्यानंतरही?”

“हो.”

“मग ती कुणाच्या कामाची?”

याचं उत्तर त्याला एरवी लगेच सुचलं असतं. कात्री भरून देता येते, घासून देता येते, कोणत्याही मापाची करता येते. “कुणाच्याच नाही,” तो म्हणाला.

“बरं,” आई म्हणाली, आणि तिने बाही कापायला घेतली.

कापून झाल्यावर ती चहा टाकायला आत गेली. बायको कापलेले तुकडे जुळवत होती. पूर्ववतने टेबलावरची कात्री उचलली आणि डावा अंगठा कडीत घातला. बसला नाही. खळगा त्याच्या अंगठ्याच्या खाली, जरा आतल्या अंगाला होता. त्याने अंगठा सरकवून बघितला, तरी बसला नाही. कडी अजून कोमट होती. तो अंगठा तसाच ठेवून उभा राहिला.

“कात्रीला हात लावू नकोस!” आई आतून ओरडली.

त्याने अंगठा झटकन काढून घेतला.